माझी साक्ष टिकली नाही

माझ्या थोरल्या मुलानं हातातला माइक तोंडाजवळ धरला आणि पिंडाकडे बघत म्हणाला, "भावड्या, तू काळजी करू नको. पोरीचं लगीन मी वर्षाच्या आत करून देतो. तिला परत बाहेर धाडत नाय." आणि कावळा पिंडाला शिवला.

सगळा घाट एकदम सैल झाला. बायकांना रडू फुटलं. माझ्या धाकट्या सुनेनं हात जोडून कपाळ दगडी पायरीला टेकवलं. माझी नात तिच्या शेजारीच बसली होती. ती रडत नव्हती. ती कावळ्याकडे बघत होती, मग चुलत्याकडे, मग पुन्हा कावळ्याकडे. दहावा तिच्या बापाचा होता, म्हणजे माझ्या धाकट्या मुलाचा. बाप गेल्याचा निरोप मिळाला तशी ती हॉलंडहून निघून आली होती, पाठीवर एक पिशवी घेऊन. बाकीचं सामान तिकडच्या खोलीत तसंच ठेवलं होतं, कारण तिला परत जायचं होतं. शिक्षण अर्धं राहिलं होतं.

त्याआधी कावळा बराच वेळ शिवत नव्हता. आमच्या मळ्यापासून गंगेचा घाट जवळ आहे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. घाटावर उंबर आहे, त्यावर कावळे बसून होते आणि खाली उतरायला तयार नव्हते. उन्हं वर आली. मग एकेक जण पुढे होऊन गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल ते ओळखायला लागला. माझा भाचा म्हणाला, विहिरीचं काम पुरं करू. सुनेचा भाऊ म्हणाला, बहिणीला अंतर देणार नाही. कोणीतरी म्हणालं, त्याचं मन गाडीत होतं, नवीन पिकअप घेऊ. कावळ्यांना पिकअपचं काही वाटलं नाही.

तेवढ्यात एका पुढाऱ्याचं बोलायचं राहिलं होतं, ते उरकून घेतलं. हल्ली आमच्या भागात दहाव्याला मंडप असतो, लाउडस्पीकर असतो, प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. माझा मुलगा फुलं पिकवायचा आणि फुलबाजारात नेऊन विकायचा. हा पुढारी त्याच्याकडून मिरवणुकीचे हार घ्यायचा आणि दर वेळी भाव पाडायचा. तो म्हणाला की समाजात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. भाषण संपलं, माइक थोरल्याच्या हातात आला आणि त्यानं तो शब्द दिला.

पोरीचं शिक्षण पुरं करू, असं कोणीच म्हणालं नाही. विहीर आठवली, गाडी आठवली, लग्न आठवलं. गेलेला माणूस वर्षभर त्या शिक्षणाशिवाय दुसरं बोलला नव्हता.

ती शिकत होती त्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा म्हणतात. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, मला तो शब्द नीट म्हणायला बरेच दिवस लागले. तिच्या बापानं तो पाठ केला होता. एकेक शब्द सुटा करून म्हणायचा, चढावर गाडीचे गिअर बदलावेत तसा. पेट्रोल पंपावरच्या पोरांना सांगायचा, खतवाल्याला सांगायचा. नाशिकला कायद्याचं कॉलेज झालं, मग ती कसलीशी परीक्षा देऊन, शिष्यवृत्ती मिळवून, हॉलंडमध्ये हेग म्हणून गाव आहे तिथं पुढचं शिकायला गेली. तिथं अशा खटल्यांची मोठी कोर्टं आहेत.

फुलबाजारात माझ्या शेजारी बसणारी बाई मला म्हणाली होती, "तुमची नात काय शिकती तिकडं?"

"वकिलीच्या पुढचं."

"इथं वकील कमी पडले का? द्वारकेच्या चौकात उभं राहून थुंकलं तरी वकिलाच्या अंगावर पडंल."

"तू थुंकून बघ. मग तुला त्यातलाच एक करावा लागंल."

मलाही ते शिक्षण आधी कळलं नव्हतं. फोनवर ती दिसायची, गळ्यापर्यंत स्वेटर, मागं खिडकीत पाऊस. मी विचारलं, "म्हणजे परदेशातले खून का?"

"एकदोन खून नाही आजी. लढाईत गावंच्या गावं मारतात ना, बायकांची अब्रू घेतात, घरं जाळतात. त्याचा हुकूम देणारे जे मोठे लोक असतात, त्यांच्यावर खटला."

"त्यांना पकडतं कोण?"

"तीच तर अडचण आहे."

"पकडलेलेच नाहीत तर तू शिकून काय करणार?"

ती हसली. "आमचे प्रोफेसर पण हेच विचारतात. फक्त ते तासभर विचारतात."

वर्षाच्या शेवटी तिला मोठा प्रबंध लिहून द्यायचा होता. तो दिला की पदवी. तिचा विषय साक्षीदारांचा होता. ती सांगायची की या खटल्यांत खेड्यातल्या बायका साक्ष द्यायला येतात. शाळेत न गेलेल्या, घड्याळ न वापरणाऱ्या. त्यांना समोरचा वकील विचारतो, सैनिक तुमच्यापासून किती मीटरवर उभा होता? तेव्हा किती वाजले होते? बाईला ते सांगता येत नाही. मग वकील म्हणतो, बघा, हिला काही माहीत नाही. अशा बाईचं खरं कसं ओळखायचं आणि खोटं कसं ओळखायचं, हे तिला लिहायचं होतं. त्यासाठी ती माझ्यावर प्रयोग करायची.

"आजी, आपल्या मळ्यापासून घाट किती लांब?"

"जवळ आहे."

"जवळ म्हणजे किती?"

"तुझा आजा बिडी पेटवून निघायचा आणि घाटावर पोचून थोटूक टाकायचा."

"एक बिडी किती वेळ पुरते?"

"ओढणाऱ्यावर आहे."

"अगं, असं कोर्टात नाही चालत."

"मग कोर्टाला म्हणावं चालत ये, कळंल."

माझ्या मागून तिचा बाप ओरडायचा, "नीट सांग ना आई, तिच्या परीक्षेचं आहे." मी म्हणायचे, तूच सांग, तुझं लेकरू आहे. मग तो गाडीच्या काट्यावर मोजून यायचा. पण नातीला त्याचं उत्तर नको असायचं. तिला माझं बिडीचं उत्तर हवं असायचं. ती म्हणायची, तुझं खोटं नाहीये, फक्त मोजता येत नाहीये. मला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा आणि मी तसं म्हणायचे.

शेवंती ऐन भरात असताना तिचा बाप गेला. सकाळी तोडणी चालू होती. छातीत कळ आली म्हणून वाफ्याच्या कडेला बसला, तो दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता. पोरीला तोंड बघायला मिळालं नाही. तिला भाऊ नाही, म्हणून अग्नी थोरल्यानं दिला.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून थोरला स्थळं विचारायला लागला. लोकांना वाटेल की हा भावाच्या मुळावर उठलेला माणूस असेल. तसा नाही. भाऊ गेल्यावर दोन्ही मळ्यांची तोडणी त्यानं अंगावर घेतली, भावजयीच्या घरात काही कमी पडू दिलं नाही आणि गोठ्यात जाऊन रडायचा, ते मी पाहिलं आहे. पण त्यानं माइकवर शब्द दिला होता, सगळ्या गावासमोर, आणि त्या शब्दावर कावळा शिवला होता. आता तो मागं कसा घेणार? वर्षाच्या आत शुभकार्य झालं नाही तर पुढं तीन वर्षं थांबावं लागतं, हेही होतंच.

नातीचं परतीचं तिकीट होतं. ते तिनं एकदा पुढं ढकललं. मग ती कामाला लागली. तिकडं शिकली होती तसं तिनं घाटावर हजर असलेल्या एकेकाला विचारायला सुरुवात केली. प्रश्न एकच. कावळा आधी निघाला की काका आधी बोलला?

तिचं म्हणणं असं होतं की कावळा जर शब्दाच्या आधीच निघाला असेल, तर त्याचा त्या शब्दाशी संबंध नाही. तिचा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण तिच्या आईचा होता, आणि आईला आईच्या हिशोबानंच पटवायला हवं, हे ती जाणून होती.

थोरला म्हणाला, "मी बोललो आन् तो आला. सगळ्या गावानं पाह्यलं."

"काका, बोलताना तुमचं तोंड कुणीकडे होतं?"

"पिंडाकडं."

"पण माइकची वायर तर मंडपापर्यंतच येत होती. तिथून पिंड दिसत नाही, मधे चौथरा आहे."

"जरा मान वळवली असंल. तू काय मला आरोपी केलं का?"

"आरोपी नाही, साक्षीदार."

"साक्षीदाराला आधी चहा विचारतात." असं म्हणून तो उठून गेला. चिडला नव्हता. पण त्यानंतर ती दिसली की तो मोटार बंद करायची आठवण झाल्यासारखा विहिरीकडे जायचा.

माझा भाचा म्हणाला की थोरला बोलला आणि कावळा चिंचेवरून झपकन आला. घाटावर चिंच नाहीच. पुढारी फोनवर म्हणाला की अतिशय हृद्य प्रसंग होता. कोणी फोनवर चित्रण केलं होतं का ते तिनं विचारून पाहिलं. पुढाऱ्याच्या माणसानं केलं होतं, पण फक्त पुढाऱ्याचं.

तिच्या आईनं खरं सांगितलं. "मी डोळे मिटून बसले होते. ह्यांना म्हणत होते, काय राहिलं ते सांगा. भाऊजींचा आवाज आला, डोळे उघडले, तर कावळा पिंडावर." म्हणजे जिचा सगळ्यात जास्त विश्वास होता, तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं होतं. पुढाऱ्याचं भाषण संपलं, स्पीकरची खरखर थांबली, पुढची माणसं पाणी प्यायला मागं सरली, तेव्हा एक कावळा उंबरावरून उतरून चौथऱ्याच्या भिंतीवर येऊन बसला. थोरल्याच्या हातात तेव्हा माइक नुकता येत होता. तो बोलायच्या आधी. कावळा येणारच होता. त्याला माणसं आणि आवाज नको होता, बाकी काही नाही.

हे मी तिला सांगितलं. बाप गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर रंग आला. तिनं माझा हात धरला. "मम्मीसमोर सांगशील?"

"सांगीन की. मला कोणाची भीती हाय?"

आम्ही तिघी मळ्यातल्या शेडमध्ये बसलो होतो. सून शेवंती निवडून क्रेटमध्ये भरत होती, मी डागी फुलं बाजूला काढत होते. नात समोर मांडी घालून बसली. मी सगळं सांगितलं, जसं पाहिलं तसं. सुनेचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. मला अजून वाटतं की तिला ते खरं हवं होतं. तिलाही पोर अर्धवट ठेवायची नव्हती, पण नवऱ्याचा जीव अडकवायचा नव्हता. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

नात थांबली नाही. ती म्हणाली, "आता मी दुसऱ्या बाजूनं विचारते."

"दुसरी बाजू कुठली?" मी म्हटलं. "इथं आपण तिघीच हायेत."

"तरी विचारायला लागतं. आजी, तू कुठे बसली होतीस?"

"पायरीवर, बायकांत."

"तुझ्या पुढे कोण होतं?"

"तुझी मामी. ती बसली की पुढचं गाव दिसत नाय."

सून हसली. नवरा गेल्यावर ती पहिल्यांदा हसली असेल. नातही हसली, पण तिनं लगेच विचारलं, "मग मामीच्या पलीकडची भिंत कशी दिसली?"

"ती रडायला वाकली होती."

"रडल्या सगळ्या कावळा शिवल्यावर. ती त्याच्या आधीच वाकली होती?"

मी म्हटलं, "ती आधीपास्नं रडत होती."

सून हळूच म्हणाली, "नाय आई. वहिनी आधी नव्हती रडत. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती."

"बरं, वाकली नसंल. बाजूनं दिसलं."

"उंबर तुझ्या कुठल्या हाताला होता?"

"डाव्या."

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय ना अजून?"

"मला दिसतं सगळं."

"आजी, उंबरावर कावळे किती होते?"

"लय."

"मग भिंतीवर बसला तो आणि शिवला तो, एकच कावळा होता कशावरून?"

"कावळ्याच्या गळ्यात पाटी अस्ती का?"

"नसते. म्हणूनच विचारते." मग ती म्हणाली, "शेवटचं. मी परत जावं असं तुला वाटतं?"

"वाटतंच. तुझ्या बापाला वाटत होतं, मला पण वाटतं."

"झालं," ती म्हणाली.

सून पुन्हा फुलं भरायला लागली. "पाह्यलं?" ती म्हणाली. "आईंनी तुझ्यासाठी सांगितलं."

माझं डोकं फिरलं. मी सुनेला म्हटलं, "मी आजवर खोटं बोलले का कधी? तुझ्या लग्नात तुझ्या बापाला तोंडावर सांगितलं होतं की पोरगी काळी आहे पण कामाची आहे. तेव्हा नाय घाबरले, आता कावळ्याला घाबरून खोटं सांगीन?"

नात म्हणाली, "तू खोटं बोलत नाहीस, आजी. पण तुझी साक्ष टिकत नाही."

मी तिला म्हटलं, "तुला हे असं शिकवलं का तिकडं? आपल्याच माणसाला पाडायचं?"

"आपल्या माणसालाच जास्त विचारायचं असतं. नाहीतर माझ्या सोयीचं आहे म्हणून मी खरं मानलं, एवढंच होतं. मग काकांच्यात आणि माझ्यात फरक काय?"

मी उठून बाहेर गेले. मला तिचा राग आला होता आणि तिचं बरोबर होतं याचा जास्त राग आला होता. जी पोर माझ्या बिडीच्या उत्तराला खोटं म्हणायला तयार नव्हती, तिनं माझा कावळा मोडीत काढला. बिडीच्या वेळी तिचं काही अडलं नव्हतं. कावळ्याच्या वेळी तिचं सगळं अडलं होतं, म्हणून तिनं स्वतःलाच सूट दिली नाही. हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्या वेळी एवढंच वाटलं की जरा कमी शिकली असती तर परत शिकायला जाता आलं असतं.

तिला कोणी कोंडून ठेवलं नव्हतं. पासपोर्ट तिच्याच कपाटात होता. थोरला म्हणाला, "जायचं तर जा बाई, मी हात धरणार नाय. फक्त गावात मला विचारलं की भावाला दिलेल्या शब्दाचं काय झालं, तर काय सांगू तेवढं सांगून जा." तिची आई सकाळी उठायची, तोडणीला जायची, परत यायची. फक्त कौलावर कावळा ओरडला की हातातलं काम ठेवून ऐकायची.

मी नातीला मळ्याच्या बांधावर गाठलं. म्हटलं, "तू जा. मी तुझ्या आईला बघते."

"मला कावळ्याचं काही नाही, आजी. पण मम्मी जन्मभर पप्पा अडकलेत असं समजून जगेल."

"जगंल. माणूस कशासंगंही जगतं. मी नवरा घालवला, लेक घालवला, जेवतेच की दोन्ही वेळ."

"ते तू."

सून माझ्यासारखी नाही, हे मला तिच्याइतकंच माहीत होतं.

नातीनं इथूनच प्रबंध लिहून बघितला. तिकडच्या लोकांनी मुदत वाढवून दिली. प्रोफेसर बाई फोनवर दिसायच्या, पांढरे केस, गळ्यात मोठे मणी. नातीनं त्यांना कावळ्याचं सगळं सांगितलं. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, फारच इंटरेस्टिंग आहे, यावरच लिही."

"त्यांना सांग, घरातलं माणूस गेलंय."

"सांगितलं. सॉरी म्हणाल्या."

ती लॅपटॉप उघडून बसायची. पण सकाळी पाहुणे यायचे, दुपारी कोणीतरी दुखवट्याला यायचं, मग साडी नेसायची, मग पोहे. काही दिवस ती बसलेली दिसायची आणि पुढ्यातली अक्षरं तीच असायची. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण पान तेच आहे की दुसरं, ते कळतं.

स्थळ लासलगावकडचं आलं. कांद्याची आडत, स्वतःची गोदामं, मुलगा शिकलेला आणि बोलायला सरळ. बघायला आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बाई, हा कोणता कायदा म्हणायचा तुमचा?"

तिनं समजावून सांगितलं. सगळे अवघडून बसले. चहा पिताना गावंच्या गावं मारल्याचं ऐकायची कोणाला सवय नसते. मग मुलाचे वडील म्हणाले, "मग कांद्याच्या निर्यातबंदीवर त्या कोर्टात खटला घालता येईल का?"

नात म्हणाली, "लढाईत लोकांना मुद्दाम उपाशी मारलं तर गुन्हा आहे. भाव पाडला तर नाही."

"मग कायदा अर्धाच झाला की," ते म्हणाले, आणि सगळे हसले. तीही हसली. मला ती माणसं वाईट वाटली नाहीत. वाईट असती तर मला भांडता आलं असतं.

वर्षाच्या आत लग्न झालं. बँड लावला नाही, जेवण साधं. थोरल्यानं कन्यादान केलं आणि मांडवातच ढसाढसा रडला. लग्नाआधी तिकडच्या मैत्रिणींनी तिचं राहिलेलं सामान खोक्यात भरून पाठवलं होतं. कुकर, जाड कोट, पुस्तकं. कोट इथं काय करायचा म्हणून सुनेनं तो धुऊन कपाटात ठेवला. पुस्तकं ती सासरी घेऊन गेली.

प्रबंध द्यायची वाढवलेली मुदत लग्नानंतर संपली. त्या दिवशी मी सहज फोन केला होता, मला तारीख माहीत नव्हती. ती म्हणाली, "आज शेवटचा दिवस होता, आजी."

"मग?"

"मग काही नाही. आता तो विषय बंद. कुकर लावते, ठेवू का?"

आता ती तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. बांधाची भांडणं, वाटण्या, नवरा-बायकोचे तंटे. चांगली वकील आहे म्हणतात. ती उलटतपासणीला उठली की साक्षीदार पाणी मागतो, असं तिचा नवरा कौतुकानं सांगतो. मी म्हटलं, मला माहीत आहे. हेगच्या कोर्टाविषयी ती बोलत नाही. टीव्हीवर कुठल्याशा लढाईत गाव जळताना दाखवलं की उठून आत जाते. तिच्या बापाच्या तोंडी असलेला तो मोठा शब्द आता आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. जी बाई सैनिक किती मीटरवर होता ते सांगू शकत नाही, तिच्यासाठी कोणीतरी लिहायला हवं होतं. दुसऱ्या कोणी लिहिलं असेल. हिनं लिहिलं नाही.

हे वकिलीचं पुढचं; त्याआधी, लग्न होऊन थोडे दिवस झाले तेव्हा, मुलाचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपली, थोरला आणि त्याची बायको घरी गेली, नात आणि जावई लासलगावला निघून गेले. आम्ही दोघी सासू-सुना भांडी घासत होतो. सून मान खाली घालूनच म्हणाली, "आई, तो कावळा खरंच आधी निघाला होता का?"

मी म्हटलं, "आता विचारतीस?"

"सांगा ना."

मी आठवून पाहिलं. भिंत आठवली, उंबर आठवला, स्पीकरची खरखर थांबलेली आठवली. पण त्याच्यापुढं सुनेच्या वहिनीची पाठ आली. मग माझा डावा डोळा आला. मग नातीचा आवाज, की तोच कावळा कशावरून. इतक्या वेळा मी ते मनात पुन्हा पुन्हा पाहिलं होतं की पाहिलेलं कुठलं आणि हवं असलेलं कुठलं, ते वेगळं काढता येईना. पोरीनं उलटं विचारायच्या आधी सुनेनं हे विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं.

"माहीत नाय," मी म्हटलं.

सून म्हणाली, "ह्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं, आई. तिथं घाटावर तोंडातून निघालं नाही."

मी पातेलं उपडं घातलं. तिनं पदरानं हात पुसले आणि आत जाऊन पडली.

त्या वर्षी माझा धाकटा मुलगा गेला. मागं राहिलो त्या आम्ही तिघी. मी, माझी सून आणि माझी नात.